एकमेकांसाठी थांबा

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १९:२३-४१, १ करिंथ ११:१७-३४



‘मंडळी’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की त्याच्याकडे निरखून पाहण्याची गरज आपल्याला क्वचितच भासते. लग्नाच्या मांडवात जमलेले पाहुणे ही मंडळी, ओसरीवर गप्पा मारीत बसलेले शेजारी हीही मंडळी. जुन्या पिढीतील गृहस्थ तर आपल्या पत्नीचा उल्लेखसुद्धा ‘आमची मंडळी’ असाच करीत असत. मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांनी नेमका हा घरगुती शब्द उचलला आणि ख्रिस्ताच्या शरीराला तो नाव म्हणून दिला. मला ही निवड फार मोलाची वाटते. मूळ ग्रीकमधील ‘एक्लेसिया’ हा शब्दही देवळातला नव्हता. नगराचे नागरिक कारभाराचा विचार करण्यासाठी जमत, त्या सभेला तो लावीत असत. म्हणजे दोन्ही भाषांत शब्द रोजच्या व्यवहारातला आहे. त्यात पावित्र्य आले ते नंतर.

या शब्दाची एक गंमत लूकने आपल्यासाठी नोंदवून ठेवली आहे. इफिस येथे देमेत्रिय नावाचा एक कारागीर अर्तमी देवीचे रुप्याचे देव्हारे घडवून विकीत असे. पौलाच्या उपदेशामुळे धंदा बसेल या भीतीने त्याने आपल्या पेशाच्या लोकांना चेतवले आणि पाहता पाहता सारे शहर नाट्यगृहाकडे धावत सुटले. लूक सांगतो की त्या गर्दीतील बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हते (प्रे. कृ. १९:३२). तरीही जवळजवळ दोन तास ते एकच घोषणा देत राहिले. आता मूळ भाषेत पाहा : या बेभान गर्दीसाठी लूकने जो शब्द वापरला आहे तो ‘एक्लेसिया’ हाच आहे. मराठी भाषांतरात तेथे ‘सभा’ असे येते, म्हणून आपल्या ते ध्यानात येत नाही. पण इफिसच्या नाट्यगृहातील आरडाओरड करणारे लोक आणि इफिसची ख्रिस्ती मंडळी या दोघांनाही त्या भाषेत एकच नाव होते. केवळ ‘आम्ही मंडळी आहोत’ असे म्हटल्याने आपण त्या नाट्यगृहातील लोकांहून वेगळे ठरत नाही. मग वेगळे ठरतो ते कशाने? पुष्कळ माणसे एका ठिकाणी असणे आणि त्या माणसांचा एक समाज बनणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर कोणत्या गोष्टीने तुटते, एवढाच आजच्या मननाचा विषय आहे.

त्यासाठी मी आपल्याला एका शहरात नेऊ इच्छितो. बहुतेक गावे आपोआप वाढत जातात; त्यांचा आरंभ कोणी पाहिलेला नसतो. जयपूरचे तसे नाही. सवाई जयसिंगाने १८ नोव्हेंबर १७२७ रोजी या नगराचा पाया घातला आणि विद्याधर भट्टाचार्य या बंगाली विद्वानाच्या साहाय्याने त्याची आखणी केली. काटकोनात छेदणारे रुंद रस्ते, त्यांमुळे पडलेल्या चौरस ‘चौकड्या’, भोवती तट आणि तटाला सूरजपोल, चांदपोल असे दरवाजे. नंतर निरनिराळ्या प्रांतांतून व्यापारी व कारागीर बोलावून तेथे वसविण्यात आले. जवाहिऱ्यांचा जौहरी बाजार, लाखेच्या बांगड्या करणाऱ्यांचा मनिहारांचा रस्ता, ठठेऱ्यांचा, म्हणजे आपल्याकडे ज्यांना तांबट म्हणतात त्यांचा रस्ता, ही नावे आजही तेथे आहेत. युनेस्कोने २०१९ मध्ये या तटबंद नगराला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले ते याच योजनेमुळे. माणसे एके ठिकाणी आणून बसविण्याचे काम जितके सुबकपणे करता येईल तितके येथे झाले आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रत्येकाला घर, पेशा, शेजार आणि पाठीशी भिंत मिळाली.

या शहराच्या इतिहासात आपल्या मराठी माणसांच्या रक्ताने लिहिलेले एक पान आहे. जयसिंग १७४३ मध्ये वारल्यावर गादीसाठी ईश्वरीसिंग आणि माधोसिंग या त्याच्या मुलांत भांडण लागले. मल्हारराव होळकरांनी माधोसिंगाची बाजू घेतली. मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याने जेरीस आलेल्या ईश्वरीसिंगाने डिसेंबर १७५० मध्ये आपले जीवन संपविले. माधोसिंग गादीवर बसला, होळकर आणि जयाप्पा शिंदे यांच्या फौजा शहराबाहेर होत्या आणि पैशाची मागणी चालूच होती. १० जानेवारी १७५१ रोजी मराठ्यांच्या छावणीतील काही हजार माणसे नवे शहर, त्याची देवळे आणि बाजार पाहण्यासाठी तटाच्या आत गेली. दुपारी शहर त्यांच्यावर उठले. दरवाजे बंद झाले होते. रात्रीपर्यंत कत्तल चालली. सुमारे ३००० माणसे त्या रस्त्यांवर मारली गेली असे इतिहासकार सांगतात.

मराठी वाचकाने हे पान वाचताना दोन्ही हातांनी तराजू धरावा. शहरातील लोकांचा संताप अकारण नव्हता. तो आपल्याच सरदारांनी पेरलेला होता. पण देमेत्रियाच्या गर्दीशी असलेले साम्य पाहा. ज्या चौकड्यांत जवाहिऱ्याचा आणि ठठेऱ्याचा रस्ता वेगळा, पाणवठा वेगळा, पंगत वेगळी, त्या चौकड्या त्या एका दुपारी एक झाल्या. त्यांना एक करणारी वस्तू म्हणजे शत्रू. दुसऱ्या दिवशी प्रत्येक जण आपापल्या रस्त्याला परतला असणार, कारण शत्रूने बांधलेल्या गाठीला शत्रूखेरीज दुसरे काही धरून ठेवीत नाही. कालच्या दंग्यात शेजारी उभा असलेला मनुष्य आज आजारी पडला तर त्याच्या घरी भाकरी पोचविण्याचे बंधन त्या गर्दीने कोणावर घातले नव्हते.

हे मी मुद्दाम लांबवून सांगितले, कारण आज आपल्यातही एकीची हाक उठते ती बहुधा भीतीच्या पोटी. सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानच्या विधानसभेने धर्मांतरासंबंधीचे कडक विधेयक संमत केले. अशी वार्ता आली की आपल्या सभांना गर्दी होते, निवेदने निघतात, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पंथ एका व्यासपीठावर बसतात. निवेदने द्यावीत, नागरिक म्हणून तो आपला हक्क आहे आणि कर्तव्यही आहे. परंतु संकटाने आपल्याला मंडळी केले असे कोणी समजू नये. संकटाने आपल्याला फक्त एका नाट्यगृहात आणून बसविले आहे.

समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केलेला आहे आणि उपदेशकाने त्यांचे ऐकण्यात कमीपणा नाही. रॉबर्ट मर्टन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने समूहाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : माणसांचा एकमेकांशी काही ठरलेल्या रीतीने व्यवहार असावा, त्यांनी स्वतःला त्या समूहाचे मानावे आणि इतरांनीही त्यांना त्या समूहाचे मानावे. या कसोटीवर पाहिले तर फलाटावर गाडीची वाट पाहणारे प्रवासी समूह होत नाहीत, कारण त्यांचा आपसांत व्यवहार नाही. जनगणनेतील एखादा रकानाही समूह होत नाही. २०११ च्या जनगणनेत राजस्थानात ९६,४३० ख्रिस्ती लोकांची नोंद झाली. पावणेसात कोटींहून अधिक वस्तीच्या त्या राज्यात हे प्रमाण हजारात दीड जणाहूनही कमी आहे. महाराष्ट्रात हीच संख्या १०,८०,०७३ होती. हे आकडे सरकारी अधिकाऱ्याच्या उपयोगाचे आहेत. पण उदयपूरचा कोणी आणि जयपूरचा कोणी एकाच रकान्यात मोजला गेला म्हणून ते एकमेकांचे कोणी झाले नाहीत. आणि प्रिय वाचकहो, हे मासिक वाचणारे आपण सारे तरी कोण आहोत? अंक एकच, पण वाचक आपापल्या दिव्याखाली बसलेला. मर्टनसाहेबांच्या पहिल्या खुणेवरच आपण अडखळतो!

या तीन खुणा खऱ्या आहेत, पण त्या बाहेरून दिसणाऱ्या आहेत. करिंथच्या मंडळीत त्या तिन्ही होत्या. ते लोक नेमाने एकत्र येत होते, स्वतःला ख्रिस्ताचे म्हणवीत होते, आणि शहरातील लोकही त्यांना त्याच नावाने ओळखीत असतील. तरीसुद्धा पौल त्यांना लिहितो की तुम्ही जमता ते प्रभुभोजन नव्हेच. एवढे कठोर विधान त्याने का करावे? मूर्तिपूजा, व्यभिचार, कोर्टकचेऱ्या अशा कितीतरी गोष्टींवर त्याने या पत्रात लिहिले आहे, पण कोणत्याही प्रसंगी ‘तुमची भक्ती भक्तीच नव्हे’ अशा तोडीचे बोल त्याने काढलेले नाहीत. येथे काढले, आणि ते जेवणावरून काढले.

त्या काळी प्रभुभोजन हे खरोखरीचे जेवण असे, आणि मंडळी एखाद्या ऐपतदार बंधूच्या घरी जमे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी गायसाचा उल्लेख आहे. तो करिंथच्या साऱ्या मंडळीचे आतिथ्य करणारा होता. त्याच ओळीत नगराचा खजिनदार एरास्त आहे. त्याच मंडळीत दासही होते. त्यांच्यासाठी पौलाने सातव्या अध्यायात स्वतंत्र मजकूर लिहिला आहे. आता त्या काळच्या करिंथची संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. प्रभूचा दिवस हा सुट्टीचा दिवस नव्हता. खजिनदाराला केव्हाही येता येत होते. दासाला मालकाची कामे उरकल्यावर येता येई, हमालाला गोदीतून सुटल्यावर. अभ्यासक सांगतात की रोमन घराच्या भोजनगृहात जेमतेम नऊ-दहा माणसांची सोय असे. उरलेले बाहेरच्या चौकात. जे आधी येत ते आपापल्या घरून आणलेले उत्तम अन्न आणि द्राक्षारस घेऊन आत बसत आणि जेवायला लागत. उशिरा येणारा येई तेव्हा पात्रे रिकामी झालेली असत. एक भुकेला, दुसरा झिंगलेला, असे त्या जेवणाचे चित्र पौलाने रेखाटले आहे.

कोणी म्हणेल, यात वाईट हेतू कोणाचा होता? कोणी कोणाला हाकलले नव्हते. दार उघडेच होते. जे आधी आले त्यांनी फक्त वाट पाहिली नाही. मला वाटते, पौलाच्या दृष्टीला दिसले ते हेच. जे आधी आले होते त्यांना उशिरा येणाऱ्याची उणीव भासली नाही. तो नसताना त्यांचे जेवण त्यांना पुरे वाटले. तो जमाव होता, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा? फलाटावरचा एक प्रवासी आला नाही तर गाडी चुकते त्याची. इतरांचे काही अडत नाही. जेथे एक जण न आल्याने इतरांचा घास हातात थांबतो तेथे समाजाला आरंभ होतो. म्हणूनच पौलाने या रोगावर सांगितलेला उपाय इतका साधा आहे की वाचणारा त्यावरून सरकून पुढे जातो. तो म्हणतो, जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा (११:३३). त्याने प्रेमावर तेरावा अध्याय लिहिला, तो आपण भिंतीवर टांगतो. पण त्या प्रेमाची पहिली कवाईत म्हणजे ताटावर बसून हात आवरणे.

पंगतीचे हे शास्त्र आपल्या मातीला नवे नाही. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वारीवर लिहिलेल्या लेखात एक शल्य नोंदविले आहे. दिवसभर एका वाटेने चालणाऱ्या, एकच अभंग म्हणणाऱ्या त्यांच्या दिंडीत जेवणे मात्र जातवार वेगळी होत. त्या मराठा बायकांबरोबर जेवल्या तेव्हाच त्या बायकांचा त्यांच्याशी असलेला दुरावा गेला. वाट एक होती, देव एक होता, गाणे एक होते. तरी भाकरीने जे केले ते त्यांनी केले नव्हते. आपल्या घरातलीच साक्ष हवी असेल तर ‘स्मृतिचित्रे’ काढून पाहा. रेव्ह. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये. पण त्यापूर्वीच त्यांच्या मनातून सोवळे गळून पडले होते, आणि कोणाच्याही हातचे खाण्यास आता हरकत नाही असा त्यांचा निश्चय झाला होता. आधी पंगत आली, मागाहून पाणी आले. ईश्वरपरिज्ञानाच्या पुस्तकांत हा क्रम सापडत नाही, परंतु जीवनात तो पुष्कळदा असाच असतो.

पंगतीत बसण्यासाठी मांडी घालता आली पाहिजे, ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरतो की ती सांगण्याची वेळ येत नाही. जयपूरच्या एका कारागिराने मात्र ती ध्यानात घेतली. येथे मी आपल्याला पुन्हा त्या शहरात नेतो, कारण त्याने १७५१ च्या दुपारखेरीज जगाला दुसरेही काही दिले आहे. सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगाचे शल्यविशारद होते. पाय गमावलेल्या रुग्णांना तेव्हा परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय मिळत असे, पण पुष्कळ रुग्ण तो घरी नेऊन बाजूला टाकून देत. त्या पायावर बूट घालावा लागे आणि त्याचा घोटा वाकत नसे. तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या, बूट घालून फिरणाऱ्या माणसासाठी केलेला होता. चिखलात अनवाणी उतरणारा, उकिडवे बसणारा, मांडी घालून जेवणारा आणि देवापुढे जाताना पायताण काढणारा मनुष्य त्या पायाच्या निर्मात्याने पाहिलेलाच नव्हता. रामचंद्र शर्मा हे मूर्ती घडविण्याच्या परंपरेतले, बेताच्या शिक्षणाचे कारागीर. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून १९६८ च्या सुमारास रबराचा एक पाय तयार केला, सायकल व मोटारीचे टायर जसे भट्टीत भाजून पक्के करतात तशा रीतीने. तो घोट्यात लवतो, दिसायला पायासारखा दिसतो आणि बुटाशिवाय चालतो. ‘जयपूर फूट’ या नावाने तो पुढे जगभर गेला.

आपण याकडे वैद्यकीय शोध म्हणून पाहतो. मला त्यात करिंथकरांस लिहिलेल्या पत्राचे भाष्य दिसते. जुना पाय मनुष्याला चालवीत होता, पण पंगतीत बसवीत नव्हता. घरात सारे जमिनीवर बसले असता हा एकटा बाजेवर किंवा उंबऱ्याशी. त्याला कोणी ऊठ म्हटले नव्हते. करिंथच्या दासासारखेच दार त्याच्यासाठीही उघडे होते. मास्टरजींनी त्याला ताटावरची जागा परत दिली. पौलाने बाराव्या अध्यायात पायाला बोलते केले आहे. मी हात नाही म्हणून मी शरीराचा नव्हे, असे तो पाय म्हणतो. हे बोलणारा पाय आहे, हे ध्यानात घ्या. स्वतःला परके मानण्याची वेळ हातावर येत नाही. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. मास्टरजींचे नाव मात्र किती जणांना ठाऊक आहे? शरीराचे जे अवयव कमी मानाचे वाटतात त्यांना अधिक मान द्यावा, हा पौलाचा नियम पुरस्कार देणाऱ्यांच्या पद्धतीत बसत नाही. मंडळीच्या पद्धतीत तरी बसावा.

हा पाय गरिबांपर्यंत पोचला तो १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी जयपुरात स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीमुळे. हे गृहस्थ पुढे मुंबईत ‘सेबी’चे अध्यक्ष होते, आणि स्वतः एका अपघातात पायाला जबर इजा होऊन वाचलेले. समिती जैन तीर्थंकरांच्या नावाची आहे. पाय मोफत मिळतो. पण त्याहून मला भावते ती तेथली दुसरी रीत. रुग्ण दिवसा येवो वा रात्री, त्याला दाराशी वेळापत्रक दाखविले जात नाही. आत घेतात, राहायला जागा आणि जेवण देतात, सोबत आलेल्या माणसालाही देतात. दूरच्या खेड्यातून कुबड्यांवर निघालेला मनुष्य वेळेवर कसा पोचणार, हे तेथे कोणीतरी आधीच ओळखले आहे. एकमेकांसाठी थांबा, हे वाक्य ज्यांच्या शास्त्रात आहे ते आपण, आणि ती रीत चालविणारे हे.

आता आपल्याकडे वळू. जयपुरात ख्रिस्ती माणसे फार पूर्वी आली. जयसिंगाने वेधशाळेच्या कामी जेझुइट पाद्र्यांचे साहाय्य घेतले होते आणि फादर फिगरेदो यांना पोर्तुगालला धाडले होते. पण ते विद्वान एकेकटे आले आणि गेले. विद्वान येऊन गेल्याने मंडळी होत नाही. १८६६ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. कॉलिन व्हॅलेंटाइन तेथे आले आणि महाराजा रामसिंगाच्या आग्रहावरून राहिले. त्यानंतर १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ आला. संवत १९५६ मध्ये पडला म्हणून राजस्थानात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. मिशनऱ्यांनी अनाथ मुलांना आश्रय दिला, आणि राजस्थानातील अनेक जुन्या ख्रिस्ती घराण्यांचे मूळ त्या मुलांत आहे. आपल्याकडे केडगावी पंडिता रमाबाईंनी त्याच वर्षांत तेच केले. या मुलांपाशी गाव, गोत, जात, एकमेकांची ओळख यांतले काहीच नव्हते. समाज रक्ताने होतो म्हणणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावे. ती मुले एका ताटाने भावंडे झाली, आणि त्यांचीच पुढे घराणी झाली.

पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. अहमदनगरची (आता अहिल्यानगरची) जुनी मराठी मंडळी आणि राजस्थानातील स्कॉटिश मिशनची मंडळी त्यात कागदोपत्री एका घरात होती. ही मोठी गोष्ट होती आणि तिच्यासाठी अनेकांनी कित्येक वर्षे खपून काम केले. पण नोकरीनिमित्त नगरहून जयपूरला गेलेल्या एखाद्या मराठी कुटुंबाची कल्पना करा. सैन्यात, रेल्वेत, बँकेत किंवा रुग्णालयात असलेली अशी कुटुंबे उत्तरेच्या प्रत्येक शहरात आहेत. उपासना हिंदीत चालते. ‘आकाशातल्या बापा’ असे लहानपणापासून म्हटलेल्या आईच्या ओठांवर दुसरे शब्द येईपर्यंत प्रार्थना संपलेली असते. उपासनेनंतर कोणी हात मिळवितात, कोणी मिळवीत नाहीत. तीन रविवार ते कुटुंब येत नाही. चौथ्या रविवारी कोणाला त्याची आठवण होते काय, हा प्रश्न १९७० च्या करारात लिहिलेला नव्हता. तो लिहिताही आला नसता.

मात्र हिंदी मंडळीवर बोट ठेवण्याआधी नगर-पुणे-मुंबईकडच्या आपण मराठी मंडळींनी आपली दप्तरे उघडून पाहावीत. आपल्याकडे तर भाषेची अडचण नाही. तरी सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच चौकशीत येते, पंचमंडळाच्या निवडणुकीत घराणी मोजली जातात, आणि मिळकतीच्या वादात एकाच प्रभूचे लोक वर्षानुवर्षे न्यायालयाच्या आवारात भेटतात. त्या आवारात तरी ते एकमेकांची वाट पाहतात, कारण प्रतिवादी आल्याशिवाय तारीख पुढे सरकत नाही! टिळकांनी आपल्या अखेरच्या काळात, १९१७ मध्ये, मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना बोलाविले. तो प्रयोग त्यांच्याबरोबर, १९१९ मध्ये, बहुतांशी थांबला. त्यातील ईश्वरविद्येविषयी मतभेद असू शकतात. पण जे अजून दाराबाहेर आहेत त्यांच्यासाठी जागा राखून बसावे, ही त्यामागची तळमळ पौलाच्या कुळातली होती.

नाताळानंतरच्या प्रीतिभोजनाचे उदाहरण घ्या. पहिल्या पंगतीला कोण बसते? ज्यांनी वर्गणी अधिक दिली ते, पाहुणे, पदाधिकारी. दुसरीला कुटुंबे. जी परिचारिका रात्रपाळी करून आली ती, ज्या बाई चार घरची भांडी घासून येतात त्या, वॉचमनची ड्यूटी बदलेपर्यंत ज्याला सुटता येत नाही तो, जिना चढायला ज्यांना दोन माणसांचा आधार लागतो ते वृद्ध, यांची पंगत शेवटची. तोवर रस्सा पातळ झालेला असतो. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. करिंथलाही नव्हता. मी असे सुचवितो की यंदा जेवणाची वेळ ठरविताना पंचांनी या चौघांना आधी विचारावे की तुम्हांला केव्हा येता येईल, आणि तीच वेळ सर्वांसाठी ठरवावी. बाकीच्यांना तासभर भूक लागेल. लागू द्यावी.

आणि हजेरीचा एक जुना रिवाज काही खेड्यांतील मंडळ्यांत अजून आहे, तोही शहरांत आणण्यासारखा आहे. उपासनेनंतर पाळकांच्या दाराशी उभे राहून कोण आले याची विचारपूस होतेच. तेथे कोण आले नाही हेही मोठ्याने विचारतात, आणि न आलेल्याच्या घराकडे जाणारा कोणी तरी आपण होऊन ‘मी जाईन’ म्हणतो. त्याला समिती लागत नाही, ठराव लागत नाही.

पौलाच्या त्या अध्यायाचा शेवटही पाहण्यासारखा आहे. करिंथकरांचे प्रश्न पुष्कळ होते आणि प्रभुभोजनाविषयीही आणखी सांगायचे राहिले होते. ते सारे त्याने बाजूला ठेवले. आपण येऊ तेव्हा उरलेल्या गोष्टींची व्यवस्था लावू, असे त्याने कळविले (११:३४). एकमेकांसाठी थांबण्याची आज्ञा मात्र त्याने त्याच पत्रात, त्याच्या एक ओळ आधी, लिहून पाठविली.